‘ढ’ हा शिक्का पुसताना : अध्ययन अक्षमता, शाळा आणि मुलांचा आत्मविश्वास

मराठी वर्णमालेतलं एक अक्षर कित्येक पिढ्या शिवीसारखं वापरलं जातंय. ते अक्षर म्हणजे ‘ढ’. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलाला नेमकं हेच अक्षर का चिकटलं, याचं एक कारण नेहमी सांगितलं जातं. सम्राट अशोकाच्या काळातल्या ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत बाकीची अक्षरं ओळखू येऊ नयेत इतकी बदलली, ‘ढ’ मात्र जवळपास होता तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही, तो ‘ढ’.

ठाणे, कल्याण, डोंबिवली परिसरातले पालक डॉक्टरांकडे येऊन जे सांगतात, ते थोड्याफार फरकाने असं असतं : “तोंडी विचारलं तर सगळं येतं हो त्याला. पण पेपरात काही लिहीतच नाही. धडा वाचायला बसवलं की पोटात दुखतं. आळशीपणा करतो का मुद्दाम?”

वाचकहो, हा प्रश्न नवा नाही. जवळजवळ सव्वाशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या शिक्षकांनाही तो पडला होता. त्याचं उत्तर शोधताना डोळ्यांचे डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, बालशिक्षणतज्ज्ञ, पालक आणि कायदा करणारे असे सगळे एकामागून एक कामाला लागले. तो इतिहास आज थोडक्यात पाहू. तो कळला की आपल्या मुलाला नेमकी कसली मदत हवी, हे ठरवणं सोपं जातं.

आधी व्याख्या समजून घेऊ

मुलाची बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त आहे, डोळे-कान ठीक आहेत, शाळेत नियमित जातो, शिकवणाराही आहे. तरीही वाचन, लेखन किंवा गणित यांपैकी एक किंवा अधिक गोष्टी वयाच्या मानाने फारच मागे राहतात. याला विशिष्ट अध्ययन अक्षमता म्हणतात. वाचनातल्या अडचणीला डिस्लेक्सिया, लेखनातल्या अडचणीला डिस्ग्राफिया आणि गणितातल्या अडचणीला डिस्कॅल्क्युलिया ही नावं आहेत.

हा मतिमंदपणा नव्हे आणि आळसही नव्हे. यावर गोळी किंवा टॉनिकही नाही. काही मुलांमध्ये याच्या जोडीला अतिचंचलता असते, तिचे उपचार वेगळे असतात. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निदानग्रंथात शाळकरी मुलांमधलं याचं प्रमाण ५ ते १५ टक्के दिलं आहे. चाळीस मुलांच्या वर्गात म्हणजे दोन ते सहा मुलं. तुमच्या मुलाच्या वर्गातही असं कुणीतरी नक्की असणार.

धूळपाटीचा काळ : अडचण होती, पण दिसत नव्हती

इंग्रजी अमदानीतल्या सरकारी शाळा सुरू होण्याआधी आपल्याकडे पंतोजींच्या शाळा होत्या. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, त्यात अक्षर गिरवायचं आणि गिरवताना मोठ्याने म्हणायचं. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी असे पाढे एका सुरात घोकायचे. शिस्त छडीची. आणि या शाळेतही जाणारी मुलं मोजकीच. मुली आणि समाजातला मोठा वर्ग तिच्या बाहेरच ठेवला गेला होता.

ज्याला अक्षर जमलं नाही तो शाळा सोडायचा आणि शेतात, सुतारकामाला किंवा मासेमारीला लागायचा. तिथे वाचता न येणं आड येत नसे. अध्ययन अक्षमता तेव्हाही असणारच, पण ती उघडी पडायला कारण नव्हतं.

पुढे दोन गोष्टी बदलल्या. १६ एप्रिल १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, १८५४ मध्ये ती कल्याणला पोहोचली. हळूहळू हा सगळा पट्टा मुंबईच्या कचेऱ्यांना जोडला गेला. कारकून, हिशेबनीस, शिक्षक अशा लिहिण्या-वाचण्याच्या नोकऱ्यांवर घरं चालू लागली आणि मार्क म्हणजेच भवितव्य हे समीकरण पक्कं झालं. दुसरी गोष्ट सक्तीच्या शिक्षणाची. १९१७ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. १९१८ मध्ये विठ्ठलभाई पटेलांच्या पुढाकाराने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना अशी सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. सगळी मुलं शाळेत येऊ लागणं ही फार चांगली गोष्ट होती. पण शाळेत येऊनही वाचता न येणारं मूल आता रोज सगळ्यांना दिसू लागलं. त्याला काय म्हणायचं हे ठाऊक नव्हतं, मग ‘ढ’ म्हणणं सोपं पडलं.

१८९६ : चौदा वर्षांचा पर्सी

याच सुमारास युरोपात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे काही चमत्कारिक रुग्ण येत होते. नजर उत्तम, पण छापलेला शब्द वाचता येत नाही. १८८७ मध्ये जर्मनीतले नेत्रतज्ज्ञ रुडॉल्फ बर्लिन यांनी यासाठी ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द तयार केला. त्यांचे रुग्ण प्रौढ होते आणि मेंदूला इजा झाल्यामुळे त्यांचं वाचन गेलं होतं.

मग ७ नोव्हेंबर १८९६ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये डॉ. प्रिंगल मॉर्गन यांचा एक छोटा लेख छापून आला. इंग्लंडच्या सीफर्ड गावातला पर्सी नावाचा चौदा वर्षांचा मुलगा. हुशार, चुणचुणीत, खेळात कुणाच्या मागे नाही. सातव्या वर्षापासून शाळा आणि शिकवण्या चालू, तरी एका अवयवाचे सोपे शब्दही त्याला धडपणे वाचता येईनात. स्वतःचं नाव लिहितानासुद्धा अक्षरांची अदलाबदल व्हायची. पण अंक मात्र तो सहज वाचायचा आणि तीन आकडी संख्यांचा गुणाकार झटपट, बिनचूक करायचा. त्याच्या शिक्षकांचं मत डॉक्टरांनी नोंदवलं आहे : सगळं शिक्षण तोंडी असतं, तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता.

‘तोंडी विचारलं तर सगळं येतं हो’ हे आपल्या पालकांचं वाक्य इथे आठवतं की नाही? मॉर्गन यांनी या अडचणीला जन्मजात शब्दांधत्व म्हटलं. ग्लासगोचे नेत्रशल्यचिकित्सक जेम्स हिन्शेलवुड यांनी अशी आणखी मुलं तपासली आणि १९१७ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. एकाच घरात अशी अनेक मुलं सापडतात, म्हणजे हे आनुवंशिक असू शकतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

या नोंदींनी मोठं काम केलं. दोष मुलाच्या स्वभावात नाही, वाचनाशी संबंधित मेंदूच्या एका कामात अडचण आहे, असं पहिल्यांदा कुणीतरी लिहून ठेवलं. शंभर वर्षांनी, १९९८ मध्ये, येल विद्यापीठाच्या सॅली शेविट्झ आणि सहकाऱ्यांनी वाचन चालू असताना मेंदूच्या प्रतिमा घेऊन दाखवलं की डिस्लेक्सिया असलेल्यांच्या मेंदूचे काही भाग वेगळ्या तऱ्हेने काम करतात. मुख्य अडचण नजरेत नसून अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते. म्हणूनच नुसता चष्मा लावून ती सुटत नाही.

बुद्धी मोजायला लागलो तेव्हा

‘हुशार आहे, पण वाचता येत नाही’ हे सिद्ध करायचं तर हुशारी वाचनापासून वेगळी मोजता यायला हवी. १९०५ मध्ये फ्रान्सच्या आल्फ्रेड बिने यांनी अशी पहिली चाचणी केली. पण पॅरिसच्या मुलांचे प्रश्न आपल्या मुलांना कसे चालणार?

इथे मराठी मुलखाचं काम येतं. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात मुंबई-कर्नाटक भागातल्या मुलांसाठी बिने चाचणीची मराठी आणि कन्नड आवृत्ती तयार केली. १९४० मध्ये त्यावरचं त्यांचं पुस्तक निघालं. ‘बिने-कामत’ या नावाने ही चाचणी भारतभर वापरली गेली. पुढे नागपूरच्या डॉ. आर्थर मालिन यांनी १९६० च्या दशकात वेक्सलर चाचणीचं भारतीय रूप तयार केलं. तुमच्या मुलाच्या अहवालात ‘बिने-कामत’ किंवा ‘मालिन’ हे शब्द दिसले, तर त्यामागे ही परंपरा आहे.

बुद्ध्यंक हा मुलाच्या कपाळावरचा शिक्का नव्हे. या चाचणीचा खरा उपयोग वेगळाच आहे. अनेक घरांत त्या कागदामुळे आई-वडिलांना पहिल्यांदा कळतं की आपल्या मुलाची बुद्धी अगदी व्यवस्थित आहे. मुलालाही ते समजेल अशा शब्दांत सांगा. ‘तुझं डोकं चांगलं आहे, वाचायची रीत तेवढी वेगळी लागते’ हे ऐकण्यासाठी ती मुलं कित्येक वर्षं थांबलेली असतात.

शिकवायचं कसं? अमेरिकेपासून बोर्डी-कोसबाडपर्यंत

१९२५ मध्ये अमेरिकेच्या आयोवा राज्यात डॉ. सॅम्युएल ऑर्टन यांनी शाळेत मागे पडलेल्या मुलांना तपासलं. त्यातली बरीच मुलं बुद्धीने कमी नव्हती, फक्त वाचनात अडली होती. १९३० च्या दशकात अॅना गिलिंगहॅम या शिक्षिकेने त्यांच्या विचारांवर शिकवण्याची पद्धत बांधली. अक्षर डोळ्यांनी पाहायचं, तोंडाने ध्वनी म्हणायचा, कानांनी ऐकायचा आणि बोटाने गिरवायचं, हे सगळं एकाच वेळी. सोप्याकडून अवघडाकडे, एक पायरी पक्की झाल्यावरच दुसरी. ऑर्टन-गिलिंगहॅम नावाने ओळखली जाणारी ही पद्धत आजच्या बहुसंवेदी उपचारात्मक शिक्षणाचा पाया आहे.

हे सगळं परदेशातलं वाटत असेल, तर आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यात या. १९४५ मध्ये ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला, तोपर्यंत ही दोन्ही गावं ठाणे जिल्ह्यातच होती. ताराबाईंनी गिजुभाई बधेका यांच्यासोबत माँटेसोरी पद्धतीवर काम केलं होतं. त्या पद्धतीत खरखरीत कागदाची अक्षरं बोटांनी चाचपून ओळखायची असतात. पण महागडी साधनं आदिवासी पाड्यावर कुठून आणायची? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, पानं, माती ही आसपासची साधनं वापरली. शाळा मुलांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली.

ताराबाई आणि अनुताईंनी हे काम अध्ययन अक्षमतेसाठी म्हणून केलं नव्हतं. पण मूल शिकत नसेल तर आधी शिकवण्याची रीत बदलून पाहावी, हा त्यांचा आग्रह या मुलांनाही तंतोतंत लागू पडतो. आणि गंमत पाहा, बोटाने गिरवत तोंडाने ध्वनी म्हणणं हे पंतोजींच्या धूळपाटीतही होतंच. साधन चांगलं होतं, छडी वाईट होती. आपण धूळपाटी टाकून दिली आणि छडी बरीच वर्षं जपून ठेवली.

१९६३ ते १९९६ : पालक पुढे येतात

६ एप्रिल १९६३ ला शिकागो शहरात पालकांच्या एका परिषदेत सॅम्युएल कर्क या मानसशास्त्रज्ञाने ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हा शब्दप्रयोग मांडला. पालकांना तो पटला आणि त्यांनी त्या नावाखाली संघटना बांधली. आपल्याकडे १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’, म्हणजे आयपीएच ही संस्था सुरू केली. मुलांच्या अभ्यासाबद्दल मानसशास्त्रज्ञाला विचारायला जाणं म्हणजे ‘वेड लागणं’ नव्हे, हे या परिसराच्या गळी उतरायला अशा संस्थांची फार मदत झाली.

१९९६ हे वर्ष महाराष्ट्रासाठी महत्त्वाचं. मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली, आणि त्याच वर्षी राज्य सरकारने अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय घेतला. देशात हे पाऊल उचलणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य ठरलं. सवलती साधारण अशा होत्या :

१. पेपरासाठी २५ टक्के जादा वेळ
२. शुद्धलेखनाच्या चुकांचे गुण न कापणे
३. लिहिण्यात अडचण असेल तर लेखनिक
४. दुसऱ्या भाषेतून सूट आणि त्याऐवजी कार्यानुभवाचा विषय
५. बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचं गणित आणि कार्यानुभव

‘सवलत म्हणजे फुकटचे मार्क’ असं काही जण म्हणतात. ते चुकीचं आहे. नजर कमी असलेल्या मुलाला चष्मा लावून पेपर लिहू दिला, तर त्याला कुणी फुकटचे मार्क म्हणत नाही. इतिहासाच्या पेपरात इतिहास येतो का हे पाहायचं असतं, वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे नाही.

या सवलतींसाठी लागणारी प्रमाणपत्रं मुंबई परिसरात बराच काळ केईएम, नायर आणि शीवचं लोकमान्य टिळक रुग्णालय अशा मोजक्या सरकारी-पालिका रुग्णालयांतून मिळत. डोंबिवली-कल्याणच्या पालकांसाठी याचा अर्थ एक दिवसाची रजा, गर्दीच्या लोकलमधून मुलाला सांभाळत शीव किंवा परळ आणि तेही एकदा नव्हे. डोळे, कान, बुद्धिमापन, शैक्षणिक चाचणी अशा अनेक फेऱ्या. त्यामुळे बरेच पालक दहावी तोंडावर आल्यावरच तिकडे वळत.

२१ डिसेंबर २००७ ला ‘तारे जमीन पर’ आला आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. या चित्रपटातली चित्रकलेची स्पर्धा सगळ्यांना आठवते. त्याआधीचा भाग मात्र आठवत नाही. त्यात शिक्षक त्या मुलाला वाळूत अक्षरं गिरवायला लावतात, मातीची अक्षरं करायला लावतात, पायऱ्यांवर उड्या मारत गणित शिकवतात. चित्रामुळे त्याचं कौतुक झालं. पण त्याचा आत्मविश्वास परत येतो तो वाचायला जमू लागल्यामुळे.

कायदा काय म्हणतो?

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षेसोबत मानसिक छळालाही बंदी घातली. भर वर्गात मुलाला उभं करून ‘ढ’ म्हणणं हा आता केवळ वाईट स्वभाव राहिलेला नाही, ते कायद्याच्या विरुद्ध आहे.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांची नोंद होती, अध्ययन अक्षमता त्यात नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ही यादी एकवीसवर गेली आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता तिच्यात आली. १९ एप्रिल २०१७ पासून हा कायदा लागू झाला. त्याच्या कलम १६ मध्ये शाळांवर स्पष्ट जबाबदारी आहे : अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखा आणि तिच्यावर मात करण्यासाठी योग्य अध्यापन करा. त्यानंतर कलम १७ मध्ये शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षण, जादा वेळ, लेखनिक, भाषेतून सूट या गोष्टी येतात.

हा क्रम लक्षात घ्या. कायद्यात आधी ओळखणं आणि शिकवणं आहे, सवलती नंतर. आपल्याकडे प्रत्यक्षात उलटं घडलं. सवलती १९९६ मध्ये आल्या, पण पहिली-दुसरीच्या वर्गात अडचण ओळखून वेगळ्या रीतीने शिकवणारा शिक्षक अजून प्रत्येक शाळेत पोहोचलेला नाही. दहावीच्या जादा वेळेने पेपर पूर्ण होतो. पण मुलाचा स्वतःवरचा विश्वास दुसरी-तिसरीतच मोडलेला असतो, तो त्या तासाभराने परत येत नाही.

मराठी मुलांची खास अडचण

इंग्रजीत स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ नसतो, त्यामुळे तिथे डिस्लेक्सिया लवकर दिसतो. देवनागरीत बहुतेक जसं बोलतो तसं लिहितो, म्हणून मराठी माध्यमातलं मूल धडपडत का होईना वाचतं आणि अडचण झाकली जाते. ती दिसते अतिशय संथ वाचनात, घ-ध, भ-म, थ-य अशा सारख्या दिसणाऱ्या अक्षरांच्या गोंधळात, जोडाक्षरांत आणि मात्रांत. ‘कि’ मधली वेलांटी उच्चारात नंतर येते, पण लिहिताना आधी काढतात. ‘सर्प’ मधला र आधी ऐकू येतो आणि लिहिताना पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. साध्या मुलाला हे सवयीने जमतं, या मुलाला प्रत्येक वेळी विचार करावा लागतो.

आकड्यांचंही तसंच. ‘त्रेचाळीस’ म्हणताना आधी तीन येतात, मग चाळीस, पण लिहायचे आधी चार. ‘एकोणतीस’ मध्ये तीस ऐकू येतात आणि लिहायचे दोन-नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी मुलांना संख्या समजायला सोपं जावं हा त्यामागचा हेतू सांगितला. भाषेच्या अंगाने तुमचं मत काहीही असो, आकड्यांत अडणाऱ्या मुलाला घरी आधी ‘चाळीस आणि तीन’ म्हणू द्यायला हरकत नाही. मग ‘त्रेचाळीस’ शिकवा.

आणखी एक मुद्दा. ठाणे-डोंबिवलीतली बरीच मुलं घरी मराठी बोलतात आणि शाळेत इंग्रजीतून शिकतात. नुसतं इंग्रजी वाचन कच्चं असेल तर तो सरावाचा अभाव असू शकतो. म्हणून तपासणी मुलाच्या दोन्ही भाषांत व्हायला हवी. २०१५ मध्ये राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने ‘डाली’ नावाची चाचणी आणली. तिच्या पहिल्या चार भाषांमध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीसोबत मराठीही आहे. मानसशास्त्रज्ञांना याबद्दल जरूर विचारा.

मग आपण काय करायचं?

पालकांसाठी :

१. पहिलीच्या अखेरीस अक्षर-ध्वनी जुळत नसतील तर ‘मोठा झाला की येईल’ म्हणून थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, मग बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञांना भेटा.

२. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत प्रमाणपत्र आठ वर्षांनंतर देण्याची आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणीची तरतूद होती. या नियमांत वेळोवेळी सुधारणा होते, म्हणून ताजी माहिती जिल्हा रुग्णालयात किंवा यूडीआयडी नोंदणी करताना विचारा. पण शिकवायला प्रमाणपत्र लागत नाही. मदत आजच सुरू करा.

३. घरी रोज वीस मिनिटं पुरेत. ताटात रवा किंवा रेती पसरा, अक्षर मोठं गिरवायला लावा, गिरवताना ध्वनी म्हणायला सांगा. एका वेळी दोन-तीनच अक्षरं. मूल कंटाळण्याआधी थांबा.

४. धडे वाचून दाखवा. वाचन अडलं म्हणून गोष्टी, विज्ञान, इतिहास अडायला नको. डोक्यात माहिती भरलेली असली की वर्गात हात वर करायची हिंमत येते.

५. ‘शाब्बास, हुशार आहेस’ अशा मोघम कौतुकावर या मुलांचा विश्वास बसत नाही, कारण रोजची वही त्यांना उलट सांगत असते. नेमकं बोला : ‘मागच्या आठवड्यात या परिच्छेदाला सहा मिनिटं लागली होती, आज चार लागली.’ असा पुरावा मुलाला पटतो.

६. चित्रकला, तबला, क्रिकेट, दुरुस्तीचं काम, जे जमतं ते काढून घेऊ नका. ‘आधी अभ्यास, मग खेळ’ या नियमाने या मुलांच्या हातून यशाची एकमेव जागा जाते.

शिक्षकांसाठी :

१. अचानक उभं करून मोठ्याने वाचायला लावू नका. वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगा, मूल घरी सराव करून येईल.

२. उत्तर तोंडी घेऊन पाहा. मूल काय जाणतं हे त्यातून कळेल.

३. फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद द्या. लाल शाईने सगळ्या चुका रंगवण्याऐवजी एका वेळी एकाच प्रकारची चूक दाखवा.

४. वर्गातलं एखादं खरं काम त्याच्याकडे सोपवा. प्रयोगाची मांडणी, फलकाची सजावट, खेळाचं साहित्य. मुलं एकमेकांना कामावरून जोखतात.

थोडक्यात

पर्सीच्या शिक्षकांना दिसत होतं की मुलगा हुशार आहे, पण त्याला शिकवायची रीत त्यांच्याकडे नव्हती. आज रीत आहे, मराठीतली चाचणी आहे आणि कायदाही आहे. कमी पडतो तो वेळेवर विचारलेला प्रश्न. मूल मागे पडलं की ‘याला काय झालंय?’ एवढ्यावर थांबू नका, ‘याला कसं शिकवलं तर येईल?’ हेही विचारा. शाळेच्या पुढच्या पालकसभेत वर्गशिक्षकांना हा दुसरा प्रश्न नक्की विचारा.

*हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. अध्ययन अक्षमतेचं निदान प्रत्यक्ष तपासणीनंतर तज्ज्ञांनीच करायचं असतं.*